मशीनची चव्वेचाळीस मिनिटं

घड्याळ कसं बघायचं हे मला कुणी शिकवू नये. बाकी काहीही शिकवा. शाळा चौथीत सुटली, इंग्रजी आकड्यांपुरतं येतं, अक्षर असं की पोस्टमनसुद्धा हात जोडतो. पण वसई पूर्वेच्या एका नटबोल्टच्या कारखान्यात सतरा वर्षं मी टाइम ऑफिसात काढली. गेटापाशी पंचिंगचं घड्याळ होतं. कामगारानं कार्ड आत सरकवायचं, खट्कन वेळ छापली जायची. त्या घड्याळाचा राखणदार मी.

ते घड्याळ सरळ विजेवर चालायचं. उन्हाळ्यात दुपारी अख्ख्या इस्टेटीतली मशिनं एकदम धडधडायला लागली की विजेचा दम जायचा, आणि घड्याळ मागं पडायचं. पाळी सुटेपर्यंत आठ-दहा मिनिटांचा फरक. माणसं घामानं निथळत गेटावर उभी, आणि घड्याळ म्हणतंय अजून पाच वाजले नाहीत. मग शिव्या मला. "काय रे, तुझ्या घड्याळाला पण ओव्हरटाइम पाहिजे का?"

म्हणून माझी एक पद्धत होती. कुणी सांगितलेली नव्हती, माझी मीच लावून घेतलेली. सकाळी सातच्या बातम्यांआधी रेडिओवर टुक टुक वाजतं, त्यावर मनगटावरचं चावीचं घड्याळ लावायचं, आणि कारखान्यात जाऊन पंचिंगचं घड्याळ त्याच्याशी जुळवायचं. रेडिओ लावायची बायको. मी मोरीत असलो तरी तिथवर तिची हाक यायची, "अहो, टुकटुक होतेय! निघा बाहेर!" साबण लागलेल्या हातानं मी घड्याळ लावलेलं आहे. पण चुकवलं नाही.

कारखाना नव्वदच्या दशकाच्या शेवटाला बंद पडला. मी थोडे दिवस इकडं-तिकडं केलं, आणि मग त्याच इस्टेटीत वरच्या मजल्याच्या गाळ्यात एक कॉम्प्युटर कंपनी आली तिथं शिपाई म्हणून लागलो. झाडू, चहा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी, मशीनच्या खोलीचा एसी चालतोय का ते बघणं. सगळे मला काका म्हणायचे. काका म्हणणं आणि मान देणं यात किती अंतर असतं, ते मला पुढं कळलं.

त्या सुमाराला बायकोच्या किडन्या बिघडायला लागल्या होत्या. आम्ही सांडोरला एका वाडीच्या कडेला दोन खोल्यांत राहायचो. खिडकी उघडली की केळीची पानं आत यायची, आणि डॉक्टरांनी तिला नेमकं केळंच बंद केलेलं. "चारी बाजूंनी केळी लावून ठेवलीत आणि मला म्हणतात बघू पण नको," असं म्हणून ती हसायची. दर मंगळवारी तिला गावातल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात न्यायचं. आधी केसपेपर, मग रक्त, मग डॉक्टर. बाकी ती सगळं सोसायची, पण पाय खाली सोडून तासाच्या वर बसली की पाय भोपळ्यासारखे सुजायचे. चप्पल हातात घेऊन रिक्षापर्यंत यायची. त्यामुळं आमच्या घरात मंगळवारचा प्रश्न एकच असायचा. आज किती वेळ बसावं लागलं?

आणि आमच्या कंपनीला काम मिळालं ते त्याच हॉस्पिटलचं.

तिथं चार जुने सर्व्हर होते. एक केसपेपरचा, एक रक्ताच्या रिपोर्टांचा, एक औषधांचा, एक दाखल झालेल्या पेशंटांचा. आमच्या साहेबांच्या डोक्यातून निघालं की चारही काढायचे, एकच मोठा आणायचा, आणि त्याच्या पोटात चार खोटी मशिनं बसवायची. खोटी हा माझा शब्द. ते व्हर्च्युअल म्हणायचे.

टेस्टिंगचं काम एका पोरीकडं होतं. जूचंद्रला नव्या बिल्डिंगीत राहायची, तोंडानं तिखट पण मनानं सरळ. तिला विचारलं, मशीनच्या पोटात मशीन म्हणजे काय ते सांग.

"काका, समजा एका घरात चार बिऱ्हाडं. प्रत्येकाला वाटतं घर आपलंच आहे. पण खरं बघितलं तर गॅस एक आणि नळ एक."

"मग भांडणं होणार."

"तेच तर बघायचंय, होतात का!"

टेस्ट म्हणजे असं. पेशंटांचं सगळं लिहिलेलं जिथं असतं त्याला डेटाबेस म्हणतात. शेकडो माणसं एकदम खिडक्यांवर आल्यासारखं करून त्या डेटाबेसला कामाला लावायचं, आणि तेवढं काम उरकायला किती वेळ लागतो ते बघायचं. एकदा चार वेगवेगळ्या मशिनांवर, एकदा एकाच्या पोटातल्या चारांवर.

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. मध्येच वीज गेली तर टेस्ट कुठपर्यंत आली होती ते कळावं म्हणून साहेबांनी मला एक रजिस्टर दिलं. टेस्ट सुरू किती वाजता, संपली किती वाजता, एवढंच लिहायचं. खोलीत एक स्टूल टाकून दिलं. मी खूश. इतक्या वर्षांनी पुन्हा टाइम ऑफिस मिळालं म्हणायचं.

चार वेगळ्या मशिनांची टेस्ट झाली. माझ्या मनगटावर सेहेचाळीस मिनिटं. प्रिंटरमधून कागद आला, त्यावरही सेहेचाळीस. बरोबर.

दुसऱ्या दिवशी एकाच्या पोटातल्या चारांची. अकरा वीसला सुरू, बारा एकवीसला बंद. माझी एकसष्ट मिनिटं. कागद आला, त्यावर चव्वेचाळीस.

मी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. तोवर साहेब आत आले, कागद ओढून घेतला आणि ओरडलेच, "वेगळ्यांना सेहेचाळीस आणि एकत्र चव्वेचाळीस! उलट दोन मिनिटं कमी!" मला पैसे दिले आणि म्हणाले पेढे आणा. त्या खोट्या आकड्याचे पेढे माझ्याच हातानं आणले आणि माझ्याच हातानं टेबलाटेबलावर वाटले. आजही तोंड कडू होतं.

पेढे वाटता वाटता साहेबांना म्हटलं, "साहेब, माझ्या घड्याळात एकसष्ट झाली."

"काका, घड्याळाला तेल घाला."

सगळे हसले. पोरगी पण हसली. मी पुढच्या टेबलाकडं गेलो. पेढ्याचा खोका होता हातात.

पुढच्या टेस्टला मी स्टूल पुढं ओढलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं छोटं घड्याळ धरून बसलो. एका खोट्या मशीनचा पडदा होता तो. टेस्ट सुरू झाली, आणि माझ्या देखत ते घड्याळ पाय ओढायला लागलं. माझा काटा एक फेरी संपवून दुसरीत शिरायचा, तेव्हा कुठं तिथलं मिनिट बदलायचं. हे मी ओळखत होतो! हे आमचंच पंचिंगचं घड्याळ. बोजा आला की मागं पडायचं.

टेस्ट संपली तेव्हा ते चांगलं सोळा मिनिटं मागं होतं. मी पळत बाहेर गेलो, साहेबांना हाताला धरून आणलं म्हटलं तरी चालेल. पोरगी मागोमाग. आत येऊन बघतो तर पडद्यावर बारा पस्तीस, भिंतीवर बारा पस्तीस, माझ्या हातावर बारा पस्तीस. बोजा उतरला तसं त्यानं आपोआप उडी मारून वेळ गाठलेली. आमचं पंचिंगचं घड्याळ निदान प्रामाणिक होतं. मागं पडलं तर मागंच राहायचं, पकडता यायचं. हे तर शाळेतल्या लबाड पोरासारखं. मास्तर आले की हाताची घडी.

साहेबांनी भिंतीकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा. आणि चहाचं बघा."

त्या दिवशी घरी गेलो आणि वाढलेलं ताट बाजूला सारलं. बायकोनं ताट पुढं ओढलं नि विचारलं, "कोण काय बोललं?" मी सगळं सांगितलं. हॉस्पिटलचंच काम आहे, आपल्याच खिडकीचं, हेही सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. ती सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढं, आणि ते ती मला विसरू द्यायची नाही.

"रजिस्टर घरी आणा," म्हणाली.

रविवारी तिनं नवी शंभर पानी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या. एका बाजूला 'मनगट', दुसऱ्या बाजूला 'मशीन', मध्ये तारीख. सुजलेले पाय उशीवर ठेवून दुपारभर माझ्या रजिस्टरातले आकडे एकेक करून उतरवले. मी वाचून दाखवायचो, ती लिहायची.

"हा सात आहे की एक?"

"सात."

"तुमचं अक्षर बघूनच खोटं वाटतं हो. साहेबाचा काय दोष!"

सोमवारी ती वही मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. "बघतो," म्हणाले. तासानं चहा घेऊन गेलो तर वही तिथंच. मी कप टेबलावर ठेवला. माझ्यासमोर त्यांनी तो उचलला, एक घोट घेतला आणि वहीवर ठेवला. कव्हरवर चहाचं गोल उमटलं. हा माणूस शिकलेला. पोथीला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्यांच्या घरातला. आणि वहीवर कप!

वही उचलली ती त्या पोरीनं. पानं चाळली आणि मला बोलावलं.

"काका, हे अक्षर तुमचं नाही."

"बायकोचं."

"काकू पण टेस्टिंगला आहेत का?" तिनं थट्टा केली.

"नाही. लाइनीत आहेत. तुमच्या त्या हॉस्पिटलच्या, दर मंगळवारी."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "परवा तुमच्याबरोबर मी पण बसते. घड्याळ मला द्या."

बुधवारी मी तिच्या हातात घड्याळ दिलं. टेस्ट सुरू झाली. पहिली पाच मिनिटं ती तोंड वाकडं करून बसली होती. मग खुर्ची पुढं ओढली. मग पडद्यावर बोट ठेवलं नि घड्याळाकडं बघायला लागली. शेवटी तिचा चेहरा उतरला. "हरामखोर," असं ती मशीनला म्हणाली. मग मला समजावून सांगितलं. चारही खोटी मशिनं एकदम ताकद मागायला लागली की मोठं मशीन पाळीपाळीनं एकेकाला चालवतं, बाकीच्यांना थांबवून ठेवतं. थांबवलेल्याला पत्ताच नसतो की आपल्याला थांबवलं होतं. झोपलेल्या माणसाला आपण किती झोपलो ते कुठं कळतं, तसं. मग तो आपल्या घड्याळानं सांगतो, मी चव्वेचाळीस मिनिटांत केलं.

"म्हणजे लाइनीतल्या माणसाला एकसष्टच बसावं लागणार," मी म्हटलं.

"हो. आणि मी मशीनला मशीनचंच घड्याळ विचारत बसले. चूक माझी आहे काका."

एवढं वाक्य त्या अख्ख्या ऑफिसात एका माणसानं मला म्हटलं. ती तशीच उठून साहेबांकडं गेली. मी दाराशी. साहेब म्हणाले, रिपोर्ट गेला, हॉस्पिटलला तारीख दिली, आणि टेस्टमध्ये घातला तेवढा लोड प्रत्यक्षात कधी येतच नाही.

माझ्यानं राहवलं नाही. "मंगळवारी सकाळी साडेनऊला येऊन बघा साहेब, लोड काय असतो तो."

"काका, चहा."

चहा! माझ्या बायकोचे पाय फुटायला आलेत आणि ह्यांना चहा!

नवी सिस्टिम सुरू झाली. पहिल्याच मंगळवारी खिडकीवर हार, नारळ फोडलेला. आणि लाइन दारापासून पायऱ्यांपर्यंत. खिडकीतली बाई एक बटण दाबायची आणि हनुवटीला हात लावून बसायची. "सिस्टिम स्लो आहे" एवढंच तिला बोलता येत होतं. बायकोला बाकावर बसवली. शेजारी पाचूबंदरची एक कोळीण, गुडघ्याचं दुखणं घेऊन आलेली.

"काय गो बाय, आज यांची मशीन आजारी हाय का?" तिनं बायकोला विचारलं.

"आजारी नाही, नवीन आहे. चार काढल्या आणि एक ठेवली."

"चार बायांचं पानी एकीच्या डोक्यावं? मंग ती चालंल का पलंल? कोनाची अक्कल ही?"

बायकोनं डोळ्यांनी माझ्याकडं दाखवलं. "यांच्या साहेबांची."

"मंग तू काय करतोस रं तिथं?"

चहा करतो म्हणून सांगितलं.

तीन तास दहा मिनिटं. मी रजिस्टरात लिहायचो तसं खिशातल्या कागदावर लिहिलं. पुढच्या मंगळवारी दोन तास पन्नास. तिसऱ्या मंगळवारी तीन तास पाच. त्या दिवशी तिला उचलून रिक्षात बसवावी लागली. वाटेत चप्पल मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली होती.

चौथ्या मंगळवारी आम्ही नुकतेच बाकावर टेकलो होतो, तेवढ्यात साहेब स्वतः हॉस्पिटलात आले. तक्रारी गेल्या असणार. खिडकीपाशी उभे राहून, हातात तो रिपोर्ट घेऊन, तिथल्या मॅनेजरला सांगत होते की टेस्टमध्ये तर अगदी उत्तम निघालं होतं, तुमचेच लोक नीट वापरत नसतील. खिडकीतल्या बाईचं तोंड रडवेलं झालं.

बायको उठली. बाकाच्या पाठीला धरून, मग भिंतीला धरून, पावलापावलानं खिडकीपाशी गेली. मी मागं धावलो, तिनं हातानं थांबवलं.

"तुम्हीच का ते, वहीवर कप ठेवणारे?"

साहेबांना काही कळेना. तिच्या मागं मला बघितलं तेव्हा कळलं. "काकू, नमस्कार. तुम्ही बसा ना, मी तुमचा नंबर आधी लावायला सांगतो."

"माझा नंबर अठ्ठ्याण्णव आहे. अठ्ठ्याण्णवलाच लागू दे." मग माझ्याकडं हात केला. "अहो, घड्याळ काढा."

मी काढून दिलं. तिनं ते खिडकीच्या कट्ट्यावर, त्यांच्या रिपोर्टाशेजारी ठेवलं.

"हे यांचं घड्याळ. रोज सात वाजता मी लावून घेते. माझा नंबर लागेपर्यंत इथं उभे राहा आणि बघा. बसायचं नाही. आम्ही पण धड बसलेलो नाही."

लाइनीतून कोळणीचा आवाज आला, "हां! आता कसं!"

साहेब हसल्यासारखं करून बाजूला व्हायला गेले, पण मॅनेजर म्हणाला, "थांबा की. बघूच या." मग जाणार कुठं? उभे राहिले. घड्याळ समोर आणि शंभर माणसं मागं. दोन तास पंधरा मिनिटं. मध्ये दोनदा पाय बदलला, एकदा पाणी मागितलं. कुणी दिलं नाही. मी तर नाहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं आणि मी जागचा हललो नाही.

आठवड्याच्या आत केसपेपर आणि रक्ताचे रिपोर्ट त्या मोठ्या मशीनच्या पोटातून काढून वेगळ्या मशिनांवर गेले. लाइन चाळीस मिनिटांवर आली. पोरीनं सगळ्या टेस्टा पुन्हा केल्या, बाहेरचं घड्याळ लावून. नवा रिपोर्ट निघाला तो तिनं मला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, वेळ बाह्य स्रोतावरून घेण्यात आली.

"बाह्य स्रोत म्हणजे?"

ती खाली बघून म्हणाली, "तुम्ही, काका. मी नीट लिहिलं होतं. साहेबांनी बदललं."

म्हणजे मनगट नाही, माणूस नाही, ते रजिस्टर नाही, आणि रविवारी पाय उशीवर ठेवून रेघा मारणारी बाई तर नाहीच. बाह्य स्रोत! मी साहेबांकडं जाऊन एवढंच मागितलं की वही परत द्या. त्यांनी कपाट उघडल्यासारखं केलं, दोन फायली हलवल्या. "रद्दीत गेली असेल काका. कामाची होती का काही?"

त्यानंतर ती सहा महिने होती. किडन्यांनीच गेली. लाइनीचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं. नसेल. मी डॉक्टर नाही. पण बेरीज मला येते. चार मंगळवार मिळून अकरा तास वीस मिनिटं ती त्या बाकावर होती. तिच्याकडं मोजकेच तास उरलेले, त्यातले हे अकरा तास वीस मिनिटं एका खोट्या आकड्यानं खाल्ले, आणि तो आकडा खोटा आहे हे एका माणसाला आधीपासून माहीत होतं. तो माणूस पेढे वाटत होता. हा राग साहेबांवर आहे तेवढाच माझ्यावर आहे. पेढ्याचा खोका मी तिथंच खाली टाकायला हवा होता.

तेराव्यानंतर साहेब सांडोरला भेटायला आले. केळीच्या वाडीतून वाट काढत, बूट चिखलानं भरलेले. खुर्चीत बसले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "काय करणार काका. वेळेपुढं कुणाचं चालतं?"

ह्यांनी! माझ्या घरात बसून, माझ्यासमोर, ह्यांनी!

मी म्हटलं, "वही सापडली का?"

"कुठली वही?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. ढोंग असतं तर एक वेळ बरं वाटलं असतं. स्वयंपाकघराच्या दाराकडं त्यांनी एकदा पाहिलं, मग परत एकदा. चार पावलांवर स्टो होता, दूध होतं, साखर होती. इतकी वर्षं न सांगता ह्या माणसाच्या हातात मी कप दिलेला आहे.

मी घड्याळ बघत बसून राहिलो. बाविसाव्या मिनिटाला ते उठून गेले.